गाळलेली मुलं

१

बेकतूर मेला तो औषधावाचून, यात कुणालाच शंका नव्हती. पोर दुसरीत होतं, मधुमेह होता, आणि इन्सुलिनशिवाय असलं मूल फार दिवस तग धरत नाही. इन्सुलिनच्या पेट्या दर महिन्याला बिश्केकच्या कोठारातून निघतात, दोलोन घाट चढून नारीनला जातात आणि तिथून गावोगाव. गेल्या महिन्यातही पेट्या वेळेवर गेल्या. बेकतूरच्या नावाच्या कुप्या तेवढ्या त्यांत नव्हत्या, कारण यादीत बेकतूरच नव्हता. त्याच्या आदल्या महिन्यापर्यंत होता.

मी साल्कीन. पोलिसात गुन्हे तपासता तपासता गुडघे झिजले, तेव्हा मला औषध वाटप केंद्रात तपासनीस म्हणून बसवलं. इथे सगळे मला एजे म्हणतात, म्हणजे ताई, आणि मी बहुतेक वेळ हरवलेल्या खुर्च्या शोधते. त्या सोमवारी विभागप्रमुख कनातबेक जुमाएविचने मला आत बोलावलं, स्वतःच्या हाताने चहा ओतला, आणि तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"साल्कीन एजे, तुमच्यासारख्या मुरलेल्या बाईला मी काय सांगायचं," तो म्हणाला. "नारीनच्या डॉक्टरीणबाईंनी नावं पाठवली नाहीत. त्यांना घरी बसवलंय, पण कागद लागतो. चूक त्यांची, एवढं लिहून द्या. गुरुवारी नवी यादी निघते, त्याच्या आत."

"बेकतूरचंच नाव गेलं?"

"अजून काही जणांचं." त्याने डॉक्टरांकडून आलेला कागद माझ्याकडे सरकवला. त्यावर मुलांची नावं आणि ओळख क्रमांक, बाकी काही नाही. "ही जिबेक नावाची मुलगी आहे ना, हिच्यासाठी डॉक्टरीण रोज फोन करून डोकं उठवते."

"घरच्यांची तक्रार नाही?"

"कसली तक्रार, एजे. त्या बिचाऱ्या म्हाताऱ्यांना फोन कुठे लावायचा हेसुद्धा कळत नाही."

मी चहा संपवला आणि नारीनच्या त्या डॉक्टरांना, कलिपांना, फोन लावला. त्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. इतकंच म्हणाल्या, "जिबेककडे शेवटची कुपी आहे. गुरुवारच्या ट्रकमध्ये तिचं नाव नसेल तर तुम्ही कागद काय लिहिता याने मला काही फरक पडत नाही."

२

कोठारावर पावेल इवानोविच. सगळं केंद्र त्याला चोर म्हणतं, आणि ते त्यालाही ठाऊक आहे.

"आलात? मला वाटलं कालच याल," तो शीतघराचं दार उघडत म्हणाला. "काही हरवलं की आधी पावेलचे खिसे."

"उलटे करून दाखव मग."

"घ्या, तपासा. माझं काम गाढवाचं, एजे. यादी येते, यादीप्रमाणे पेट्या भरतो. नाव आहे तर कुपी आहे. नाव नाही तर पोटचं पोर आलं तरी देता येत नाही."

"पेट्या भरल्यावर काय उरलं होतं?"

तो थबकला. "हे कुणी विचारलं नव्हतं. काही उरलं नाही. या खेपेला माल नेहमीपेक्षा कमी आला. मी म्हटलं, झालं, आता गावोगावचे डॉक्टर माझं रक्त पिणार. पण यादी आली ती अशी की माल तंतोतंत पुरला. कुपी उरली नाही की मूल उरलं नाही. इतकी वर्षं भरतोय, असं कधी झालं नव्हतं."

मी ते डोक्यात ठेवलं आणि वर तिलेककडे गेले.

तिलेक म्हणजे केंद्राची माहिती ज्याच्या हातात आहे तो माणूस. पस्तिशीचा, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे कुणी विसरू नये याची काळजी घेणारा. पडद्यावर चौकोन आणि त्यांना जोडणारे बाण होते.

"सोप्या भाषेत सांग," मी म्हटलं. "मी म्हातारी आहे असं समज."

"समजायचं काय त्यात," तो म्हणाला, आणि माझा चेहरा बघून घाईने पुढे गेला. "हे बघा, एजे. एकीकडून माहिती वाचायची, मध्ये हवी तशी बदलायची, दुसरीकडे लिहायची. या मधल्या प्रत्येक चौकोनाला आम्ही ट्रान्सफॉर्मेशन म्हणतो. हा पहिला डॉक्टरांच्या फाइली वाचतो. हा तारखा एकसारख्या करतो, कारण प्रत्येक दवाखाना आपल्या मनाने तारीख लिहितो. हा मुलाचा ओळख क्रमांक घेऊन जन्मनोंदणीत जातो आणि तिथून आईबापाची माहिती आणून ओळीला चिकटवतो. हा चौथा गाळतो. दोनदा आलेली नावं, मेलेले लोक, अशक्य गोष्टी. उरतं त्याची यादी होते."

"नारीनची फाइल पूर्ण आली होती?"

"पूर्ण. बेकतूर होता, जिबेकही होती. पहिल्या चौकोनातून आत गेलेली मी स्वतः बघितली."

म्हणजे डॉक्टर सुटल्या. पावेलपर्यंत नावं पोचलीच नाहीत, म्हणजे तोही सुटला. मुलं आत शिरली होती आणि बाहेर पडली नव्हती.

"गाळलेलं कुठे जातं?"

"पूर्वी वेगळ्या फाइलमध्ये साठायचं. कुणीतरी बसून ओळ न ओळ तपासायचं. पण देशभरातला कचरा, जागा फार खातो. ते साठवणं बंद करायला सांगितलं."

"कुणी?"

"वरून." तो खुर्चीत चुळबुळला. "गाळायचे नियमही वरूनच येतात, ढीगभर. मी फक्त जोडतो. पण चूक माझ्या चौकोनांत नाही. मी चाचणी घेतली, बघा." त्याने बटण दाबलं. बेकतूर, जिबेक आणि बाकीची मुलं एकेका चौकोनातून सरळ पार झाली आणि यादीत जाऊन बसली.

मी पडद्याकडे बघत राहिले. जी यंत्रणा महिन्यापूर्वी त्यांना गिळून बसली होती, ती आज त्यांना अलगद बाहेर ठेवत होती.

३

नारीनच्या दवाखान्यात डॉक्टर कलिपा अंगात कोट घालून बसल्या होत्या. घरी बसा असा हुकूम होता, पण त्या येतच होत्या. खोलीत शेगडी नव्हती.

"औषध बाजारात मिळत नाही?" मी विचारलं.

"मिळतं की. सीमेपलीकडून येतं, वाटेत गोठतं, पुन्हा वितळतं. ते टोचण्यापेक्षा पाणी टोचा." त्यांनी कपाट उघडून दाखवलं. "बेकतूरला मी दुसऱ्या मुलांच्या वाटचं देत होते. याच्या कुपीतलं थोडं, तिच्या कुपीतलं थोडं. मग त्या मुलांची साखर चढायला लागली. एका पोराला वाचवायचं तर दुसऱ्याचं काढायचं. मी काढायची थांबले, आणि तो गेला. आता जिबेकसाठी कुणाचं काढू, ते तुम्हीच सांगा."

मी विचारलं, गळलेल्या मुलांत सारखं काय?

"काहीच नाही. गावं वेगळी, वयं वेगळी. कुणी मुलगा, कुणी मुलगी. मी रात्रंदिवस हाच विचार करतेय."

जिबेकचं घर नारीनजवळच्या एका गावाच्या टोकाला होतं. तिची आई, बुरुलकान अपा, दात पडलेली, कमरेत वाकलेली, पण चहा मांडायला तिने मला हात लावू दिला नाही. जिबेक तिच्या मांडीला टेकून बसली होती. पोरीचे ओठ कोरडे पडले होते, आणि ती सारखं पाणी मागत होती.

"शेंडेफळ माझं," म्हातारी म्हणाली. "सगळी गेली आपापल्या वाटेने, ही राहिली."

"अपा, पाणी," जिबेक पुन्हा म्हणाली.

तेवढ्यात मॉस्कोहून फोन आला. पडद्यावर एक तरुण बाई, डोक्याला स्वयंपाकघरातली टोपी. जिबेक एकदम खुलली. "एजे, मला बूट पाठवलेस का?"

"पाठवले, सोन्या. औषध आलं का?"

"येणारे," पोरीने सांगितलं आणि माझ्याकडे बघितलं.

मी नजर दुसरीकडे वळवली. पोलिसात असताना खुन्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बघितलंय मी. पण त्या पोरीकडे बघवेना.

४

तिथून मी बेकतूरच्या घरी गेले. त्याची आई, तुरसून अपा, भिंतीशी बसली होती. वय विचारावं अशी वेळच नव्हती ती. बाजूला मोठी मुलगी तोंड झाकून रडत होती, परदेशातून मातीसाठी आलेली.

"माझ्या पोटाशी झोपायचा," तुरसून अपा म्हणाली. "लग्न होईपर्यंत इथेच झोपणार म्हणायचा."

मी पाठ टेकायला भिंत शोधली. तपास म्हणून विचारायचं ते सगळं विचारून झालं होतं. शाळा, लसी, कागदपत्रं. सगळं जागच्या जागी होतं. या घरांत काही खोट नव्हती, तरी यंत्राला ही मुलं नको होती.

परतताना घाटात बर्फ भुरभुरायला लागलं. ड्रायव्हर म्हणाला, शुक्रवारनंतर दोलोनचा भरवसा धरू नका. म्हणजे गुरुवारचा ट्रक चुकला तर पुढचा कधी, ते आभाळ ठरवणार. मी हतबल झाले होते, सरळच सांगते. कनातबेकला हवा तो कागद लिहून टाकावा, असंही एकदा मनात येऊन गेलं.

वाटेतल्या कोचकोर गावापाशी माझा फोन वाजला. थोरल्या बहिणीचा.

"शुक्रवारी आपल्या अपाच्या नावाने बोरसोक तळणार आहे. तेलाचा वास काढायचाय, ये. दरवेळी काम सांगतेस." अपा म्हणजे आमची गेलेली आई; मेलेल्यांसाठी पिठाचे बोरसोक तळतात, तेलाचा वास त्यांना पोचतो म्हणतात.

"बघते, एजे."

"बघते काय, बघते. अपाने तुला साठीच्या घरात असताना वाढवलं, तिच्यासाठी एक दिवस..."

पुढचं मी ऐकलंच नाही. ड्रायव्हरला म्हटलं, गाडी थांबव. मी खाली उतरले आणि रस्त्याच्या कडेला बर्फात उभी राहिले. ही जी फोनवर मला दटावत होती, तिनेच मला जन्म दिलेला. हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलून दाखवत नाही, कारण त्यात बोलण्यासारखं काही नाहीच. पहिलं नातवंड आजी मागून घेते. आपलं म्हणून वाढवते, कागदावरही आपलंच लिहिते. मूल आजीला अपा, म्हणजे आई, म्हणतं आणि खऱ्या आईला एजे, म्हणजे ताई. खोऱ्यात असं एक तरी मूल घराघरात असतंच. ते इतकं रोजचं आहे की तिथे जाऊन, चहा पिऊन, ते माझ्या डोळ्यांना दिसलंच नाही.

मी तिथूनच तिलेकला फोन केला.

"तुझ्या चाचणीत मुलांच्या आया कुठून आल्या?"

"म्हणजे?"

"जन्मनोंदणीतून आल्या का?"

"नाही, एजे. ती जोडणी महिन्यातून एकदाच उघडते, यादी निघायच्या दिवशी. चाचणीला मी खोटा तक्ता लावतो. सगळ्या आया मीच तयार केल्यात."

"त्यांची वयं काय ठेवलीस?"

तो विचारात पडला. "पंचवीस. सगळ्यांची पंचवीसच."

"उद्या सकाळी मी येईपर्यंत बटण दाबू नकोस," मी म्हटलं. "आणि कनातबेकला काही बोलू नकोस."

५

गुरुवारी सकाळी कोठाराच्या अंगणात ट्रक उभा होता. मी पावेलला वर बोलावलं, कनातबेकलाही. तो हसतच आला.

"कागद झाला का, एजे?"

"होतोय. तिलेक, जोडणी उघडली?"

"उघडली."

"मग माझा ओळख क्रमांक घाल. मी रुग्ण आहे असं समज."

तिलेकने आकडे टाकले. माझी ओळ पहिल्या चौकोनात गेली. दुसऱ्यात माझी जन्मतारीख नीट झाली. तिसऱ्यात जन्मनोंदणीतून अपाचं नाव आलं, तिचं जन्मसाल आलं. चौथ्यात मी शिरले. आणि यादी कोरी निघाली.

पावेल पडद्याच्या जवळ गेला आणि मग वळून माझ्याकडे बघायला लागला.

"कुठला नियम लागला, ते वाच," मी म्हटलं.

तिलेकचा आवाज उतरला होता. "मुलाच्या जन्मावेळी आईचं वय पन्नासच्या वर असेल, तर ओळ अशक्य समजून टाकून द्यावी."

"जिबेकचा क्रमांक घाल. बेकतूरचा घाल."

दोघं माझ्यामागोमाग गळले.

"यंत्राची चूक," कनातबेक शांतपणे म्हणाला. "असले नियम सगळ्या जगात वापरतात. बाहेरच्या लोकांना आपल्या रीती काय माहीत? दुर्दैव आहे, पण यात गुन्हा कुठे?"

"बाहेरच्याने लावला असता तर मी चूकच म्हटलं असतं," मी म्हणाले. "सोमवारी तुम्ही मला एक कागद दिलात. त्यावर मुलांची नावं आणि क्रमांक होते. आईबापाचं अक्षर नव्हतं. जन्मनोंदणी बंद होती, तिथे कुणाला डोकावता येत नव्हतं. डॉक्टर स्वतः डोकं फोडून घेत होत्या, की या मुलांत सारखं काय. आणि तुम्ही मला म्हणालात, त्या म्हाताऱ्यांना फोन कुठे लावायचा कळत नाही. सात-आठ वर्षांच्या मुलांच्या आया म्हाताऱ्या आहेत, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"डोंगरात घरोघर म्हाताऱ्याच असतात."

"नारीनच्या बाकीच्या मुलांच्या आया तरण्याताठ्या आहेत, आणि त्यांना औषध मिळालं. कोण गळणार ते तुम्हाला आधीच ठाऊक होतं. माल कमी आला होता. मागवायला उशीर तुमच्याकडून झाला असेल, ते वरचे बघतील. यादी मालाएवढी करायची होती, पण कुणाचं नाव हाताने खोडलं तर बोट दिसतं. नियम लावला की बोट दिसत नाही. पावेल, यादी किती तंतोतंत बसली होती?"

"कुपीला कुपी," पावेल म्हणाला.

"तिलेक, नियम कधी आला आणि कुणाच्या नावाने?"

तिलेकने कनातबेककडे बघितलं नाही. "मागच्या यादीच्या आदल्या दिवशी. साहेबांच्या नावाने. गाळलेल्या ओळी साठवू नका, हा हुकूमही त्याच दिवसाचा."

कनातबेक खुर्चीत बसला. "कुणाचं तरी जाणारच होतं," तो म्हणाला. "मी निदान विचार केला. आजीकडे वाढणाऱ्या पोरांचे खरे आईबाप मॉस्कोत असतात. पैसे पाठवतात. बाजारातून घेतील, असं वाटलं. बाकीच्यांना तेही नाही. एजे, मी कुणाला मारायला नाही बसलो. नवा माल येईपर्यंत तेवढा एक महिना काढायचा होता."

"बेकतूरने नाही काढला," मी म्हटलं. माझा आवाज फाटला, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

तिलेकने न विचारताच नियम काढून टाकला आणि बटण दाबलं. मुलं एकेक करून यादीत आली. पावेलने यादी घेतली, खालपर्यंत वाचली, आणि डोकं खाजवलं.

"नावं वाढली, एजे. कुप्या कुठून वाढवू? माल या खेपेलाही तेवढाच आहे."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गुन्हेगार सापडला होता आणि जिबेक होती तिथेच होती. खाली ट्रकवाला भोंगा वाजवत होता.

पावेलच पुढे बोलला. "बिश्केकच्या पेट्यांतून काढतो. इथल्यांची यायची वेळ सोमवारी. सोमवारी ते माझ्या दारात येऊन बोंबलतील. त्यांचं बोंबलणं मंत्रालयात ऐकू जातं, मग माल येतो. डोंगरातलं कुणाला ऐकू येत नाही."

"चोर म्हणतील तुला."

"ते म्हणतातच," पावेल म्हणाला आणि जिना उतरला.

६

ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी मी बसले. दोलोनवर चाकांना साखळ्या बांधाव्या लागल्या, दोनदा उतरून ढकलावं लागलं. शुक्रवारी दुपारी आम्ही जिबेकच्या गावात पोचलो. डॉक्टर कलिपा रस्त्यातच उभ्या होत्या. जिबेकची पेटी त्यांनी माझ्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतली आणि पळतच गेल्या.

माझ्या हातात अजून एक पेटी होती. बेकतूरची. नियम काढल्यावर तोही यादीत परत आला होता. त्याचा मृत्यू अजून नोंदणीत चढला नव्हता, म्हणून यंत्राच्या लेखी तो जिवंत होता, आणि पावेलने त्याच्या नावाची चिठ्ठी लावून कुप्या भरल्या होत्या. ही पेटी परत पाठवणं शहाणपणाचं नव्हतं. पण तुरसून अपाला न विचारता दुसऱ्याला देणंही माझ्याने होईना.

तिच्या अंगणात कढई चढली होती. शुक्रवार होता, बेकतूरसाठी तेलाचा वास काढत होते. मुलगी बोरसोक लाटत होती आणि म्हातारी तळत होती. मी पेटी पायाशी ठेवली आणि जे झालं ते सांगितलं. लपवलं नाही. लपवलं असतं तरी गावाने सांगितलंच असतं.

तुरसून अपाने सगळं ऐकून घेतलं. झारा हातातच राहिला.

"म्हणजे मी त्याला माझा म्हणून लिहिला," ती म्हणाली. "हिच्या नावावर असता, तर मिळालं असतं औषध."

मुलीचे हात पिठात थांबले.

"अपा, तसं नाही," मी म्हटलं.

"तसंच आहे. मीच मागून घेतला. ही नको म्हणत होती. मी रडून घेतला."

मी तिच्यासमोर खाली बसले. गुडघे बोंबलले. "मलाही माझ्या अपाने मागून घेतलं," मी म्हणाले. "काल त्या यंत्रात मी माझा क्रमांक घातला. मीही गळले. तुमची चूक असेल तर माझ्या अपाचीही चूक, आणि ती चूक होती असं मी कुणालाही म्हणू देणार नाही. एका माणसाने मुद्दाम केलं, अपा. तो आता तुरुंगात जाईल."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. किती पटलं ते मला कळलं नाही. तेलातले बोरसोक करपायला लागले होते, ते मुलीने पुढे होऊन काढले.

मग म्हातारीने पेटी उचलली, मांडीवर घेतली आणि चिठ्ठीवरून अंगठा फिरवला. तिला वाचता येत नव्हतं.

"त्याचं नाव आहे?"

"आहे."

"बुरुलकानच्या पोरीला दे," ती म्हणाली. "पण चिठ्ठी काढू नका."